एकोणपन्नास इंची ओळ

मादाम नर्मीननी माउसने चौकटीची कड धरली आणि ती डावीकडे ओढत नेली. सात ओळींचा मजकूर होता, तो पाच झाला, तीन झाला, आणि शेवटी पडद्याच्या उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत एकच ओळ उरली. "आता बोला," त्या म्हणाल्या, "अख्खा माणूस एका ओळीत. मान वळवावी लागते, पण काही सरकवावं लागत नाही." हिलमी मान वळवून वाचत होता. उजव्या टोकाला लिहिलं होतं, अल्लाहच्या दयेकडे परतले, इज्जत रिदवान अल-सब्बाग, शिक्षण खात्यातले निवृत्त निरीक्षक, मन्सूरा. इथपर्यंत वाचल्यावर त्याच्या मनात आलं ते एवढंच, की निरीक्षकच्या आधीचं 'ज्येष्ठ' राहिलं, इज्जतला ते चाललं नसतं. एकतीस वर्षांची सवय, ती आधी बोलली. मग दुकानातल्या पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला, निदान त्याला तसा वाटला, आणि आपला थोरला भाऊ काल कधीतरी वारला आणि ते आपल्याला कैरोतल्या बाब अल-लूक भागात, चौथ्या मजल्यावर, एका विकाऊ मॉनिटरवरून कळतं आहे, हे हळूहळू त्याच्या डोक्यात शिरलं.

"फार रुंद वाटतो का?" मादाम नर्मीननी विचारलं. त्या पन्नाशी ओलांडलेल्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि नवरा गेल्यापासून दुकान एकटीने चालवणाऱ्या. त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलताना त्या घरातली राहिलेली बोलणीही उरकून घेत. "वाटू द्या. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच वाटतो. एकाने नेला, तर दुसऱ्या दिवशी फोन, मादाम, मान दुखते. मी म्हटलं, तीस वर्षं बायकोकडे वळून बघितलं नाहीस, आता मॉनिटरने वळवली तर दुखणारच." त्या स्वतःच हसल्या. "चहा घ्याल ना उस्ताज? पुदिना घालून?" "चालेल," हिलमी म्हणाला. आपल्या तोंडून चालेल हा शब्द इतका सरळ निघाला याचं त्याला नवल वाटलं. मादाम चहा सांगायला जिन्याकडे गेल्या आणि तो त्या ओळीसमोर एकटा राहिला.

तीन महिने तो या मॉनिटरच्या मागे होता. साथीच्या वर्षापासून पेपराने त्याला घरूनच काम करायला सांगितलं होतं, आणि शुब्राच्या त्याच्या दोन खोल्यांत सतरा इंचांचा जो पडदा होता त्याच्यावर एक ठिपका मेला होता. अरबीत एका टिंबाने ह चा ख होतो; नेमका तो ठिपका अक्षरावर आला की हमदीचा खमदी व्हायचा, आणि हिलमी अर्धा अर्धा तास नसलेलं टिंब पुसत बसायचा. मग त्याने शिवणाच्या टेपने टेबल मोजलं, एकशेवीस सेंटिमीटर. वाकडा पडदा घ्यावा की सपाट, चौतीस इंची की एकोणपन्नास, वाकड्यावर सरळ रेघ सरळ दिसते का, बारीक अक्षराच्या कडा फुटतात का, हे सगळं त्याने वहीत लिहून काढलं होतं. सकाळी ब्रेड आणि चीज खाताना ती वही उघडी असायची. एकट्या माणसाला खरेदीच्या आधीचे महिने फार सोबत करतात, आणि हिलमीने ते महिने मुद्दाम लांबवले होते. आज अखेर तो उद्याचं पान पेन ड्राइव्हवर घालून खिशात घेऊन आला होता, न वाचता, कारण मॉनिटर पारखायचा तर आपल्याच मजकुरावर पारखावा असं त्याच्या वहीतच लिहिलेलं होतं. चार वाजेपर्यंत पान पाठवायचं होतं. इथूनच पाठवू, असं त्याने ठरवलं होतं.

मयतांचं पान. कैरोत माणूस वारला की त्याचं एकट्याचं नाव छापून भागत नाही. तो कुणाचा बाप, कुणाचा भाऊ, कुणाचा मामा, कुठल्या घराण्याचा जावई आणि कुठल्या घराण्याचा व्याही, हे सगळं ओळीने यावं लागतं, आणि एखादा भाचा गाळला गेला तर त्याची आई चाळीस दिवसांनंतरही ते बोलून दाखवते. हयात नातेवाइकाच्या नावाआधी त्याचा हुद्दा लागतो, डॉक्टर, इंजिनियर, ब्रिगेडियर. काहीच नसेल तर उस्ताज तरी. गेलेल्याच्या आधी मरहूम. एवढ्या दोन गोष्टी सांभाळल्या की पान सांभाळलं, असं हिलमी नव्या माणसांना सांगायचा. टंकलेखनाला बसणाऱ्या मुलींना त्याचं आडनावही ठाऊक नव्हतं. त्यांच्यासाठी तो पानवाला हिलमी. म्हणूनच मन्सूराहून आलेला हा मजकूर टाइप करताना कुणाच्या भुवया वर गेल्या नसाव्यात.

ओळीच्या मध्यावर, मॉनिटरचा पाय जिथे होता त्याच्या बरोबर वर, तो शब्द होता. त्याच्या पुढे तीन नावं, शुकरी आणि फिक्री आणि हिलमी, आणि हे सगळे इज्जतचे भाऊ. शब्द मरहूमैन असा वाचला तर दोघे गेलेले, म्हणजे शुकरी आणि फिक्री. हिलमी हा तिसरा, हयात. मरहूमीन असा वाचला तर तिघेही गेलेले. कानाला हे दोन वेगळे शब्द आहेत, एक द्विवचन आणि एक अनेकवचन, पण कागदावर अक्षरं तीच, टिंबाचाही फरक नाही. दाखवायचाच झाला तर शेवटच्या मीमवर, म्हणजे म या अक्षरावर, एक बारीक तिरपी रेघ द्यायची, नाहीतर तीच रेघ मीमखाली द्यायची. वर दिली तर हिलमी जिवंत, खाली दिली तर मेलेला. आणि पेपरात असल्या रेघा कुणी देत नाही. मयतांच्या पानावर तर नाहीच नाही, हा नियम स्वतः हिलमीनेच एकतीस वर्षं सगळ्यांच्या डोक्यात ठोकून बसवला होता. संदर्भाने कळतं, तो म्हणायचा. घरच्यांना ठाऊक असतं कोण गेलंय आणि कोण आहे. फारच शंका आली तर फोन करावा आणि विचारावं, नावं तीन आहेत, गेलेले किती? मग हयात असलेल्याच्या नावाआधी उस्ताज घालावं आणि पुढच्या मयताकडे वळावं. या ओळीत हिलमीच्या आधी उस्ताज नव्हतं. नुसतं हिलमी. इतकं उघडं नाव त्याने स्वतःचं कधी बघितलं नव्हतं.

त्याला वाटलं की आधी इज्जतसाठी रडू यायला हवं होतं. ते येत नव्हतं, आणि त्याऐवजी बोटं आठवत होती. इज्जत त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा हिलमी अक्षरं गिरवायच्या वयात होता, आणि अबेह इज्जत, थोरल्या भावाला नुसतं नावाने कोण हाक मारणार, शाळेतून मास्तरकी करून आला की त्याचा हात आपल्या हातात धरून मीम काढून घ्यायचा. मीमचा डोळा बुजू द्यायचा नाही, तो म्हणायचा, बुजला की अक्षर आंधळं होतं. त्याच्या बोटांना खडूचा आणि लिंबाच्या कोलोनचा वास यायचा. शुकरी कालव्यापलीकडच्या लढाईत गेला तेव्हा वीस वर्षांचा होता. फिक्री बगदादला नोकरीला गेला आणि आजार घेऊन आला. राहिले दोन, पहिला आणि शेवटचा, मध्ये दोन रिकाम्या जागा. दोन माणसं एवढ्या अंतरावरून किती दिवस बोलणार? तरी ती बोलत होती, एकोणीस वर्षांपूर्वीपर्यंत, आईच्या मयतापर्यंत.

आईचा मजकूर हिलमीनेच लावला होता. दुसऱ्या दिवशी मन्सूराच्या दुखवट्याच्या मांडवात इज्जतचे सासरे, इनायातवहिनीचे वडील हाज अल-हलवागी, हातात घडी घातलेला पेपर घेऊन आले, कोरी कॉफी समोर आली तिला त्यांनी हातही लावला नाही, कुराण चालू असताना मध्येच उठले आणि गेले. छापलेल्या मजकुरात आईच्या नातेवाइकांत सगळे होते. अल-हलवागी या व्याह्यांचीच ओळ तेवढी नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी, खुर्च्या उचलणारी माणसं खुर्च्या उचलत असताना, इज्जतने त्याला बाजूला घेतलं.

"ओळ कुठे गेली?"

"अबेह, आमच्याकडचा पडदा लहान आहे. पानाचा तळ दिसत नाही, सरकवून बघावा लागतो. शेवटची ओळ खाली राहिली आणि कापली गेली."

"आईचे चार मुलगे मावले. पोर्ट सईदची तिची मावसबहीण मावली, जिला मी जन्मात बघितलेलं नाही. माझ्या बायकोचं घराणं तेवढं मावलं नाही होय रे?"

"चूक झाली म्हणतो ना."

"चूक म्हणू नकोस." इज्जतचा आवाज चढलेला नव्हता, उलट तो विनवल्यासारखा बोलत होता. "हिलमी, मी तुला ओळखतो. मुद्दाम केलं म्हण. एकदा म्हण, मी इथल्या इथे माफ करतो आणि इनायातच्या बापाच्या पाया पडायचं ते मी पडतो. पण चूक म्हणालास ना, तर माझ्या दारात येऊ नकोस."

"चूक झाली," हिलमी म्हणाला होता. त्यानंतर ईद आल्या आणि गेल्या, फोन त्यानेही केला नाही आणि यानेही केला नाही.

"उस्ताज, हा पण बघून घ्या, नाहीतर घरी जाऊन म्हणाल बाईने दाखवलाच नाही." मादाम नर्मीन चहाचे दोन पेले घेऊन आल्या होत्या आणि शेजारचा चौतीस इंची सपाट पडदा त्यांनी सुरू केला. "रेघ अगदी सरळ दिसते याच्यात. टेबलावरही कमी जागा खातो. पण तुमची ती ओळ मोडेल, दोनदा तरी." त्यांनी पान तिकडे उघडलं, आणि ओळ खरंच मोडली, इज्जत एका ओळीत, शुकरी आणि फिक्री दुसऱ्या ओळीच्या शेवटी, आणि हिलमी तिसरीच्या सुरुवातीला एकटा. "मोठा घ्या," त्या म्हणाल्या. "घरी बघायला कोण कोण आहे?" "मी आहे," हिलमी म्हणाला. "मग तर मोठाच घ्या. लहान पडद्यात एकटा माणूस जास्त एकटा दिसतो, मी सांगते तुम्हाला, माझा अनुभव आहे." त्याने विचारलं, "अक्षरावरची रेघ दिसेल का त्या मोठ्यावर? बारीक, तिरपी?" "डासाच्या मिशा दिसतील," मादाम नर्मीन म्हणाल्या आणि दाखवायला म्हणून त्यांनी पान मोठं केलं. मधला तो शब्द हाताएवढा झाला. मीमचा डोळा उघडा होता.

हिलमी त्या डोळ्यासमोर बसून राहिला. पडदा लहान होता हे खरं होतं. चौदा इंची, काचेचा, फुगीर, पानाचा तिसरा हिस्सा दाखवणारा. हे त्याने इज्जतला सांगितलं, मग संपादकांना सांगितलं, मग पेपरातल्या सगळ्यांना, जो कुणी विचारील त्याला आणि न विचारील त्यालाही. सांगता सांगता त्याने चौदाचा पंधरा केला, पंधराचा सतरा केला, आणि आज एकोणपन्नासपर्यंत आला, जणू एके दिवशी पडदा पुरेसा मोठा होईल आणि ती ओळ आपोआप परत वर येईल. मादामनी पान पुन्हा लहान केलं; आता सगळं पान वरपासून खालपर्यंत समोर होतं, सरकवायला काही उरलंच नव्हतं, आणि त्याला स्वच्छ आठवलं की त्या दिवशीही त्याने सरकवून पाहिलं होतं. ओळ तळाशी होती. एकच ओळ जास्त होत होती. वरच्या दोन पदव्या काढल्या असत्या तर ती बसली असती, रोज तो तेच करायचा. त्या ओळीकडे बघताना त्याला तहिया आठवली होती, इनायातवहिनीची धाकटी बहीण, तिचे उन्हाने तपकिरी झालेले हात आणि हसू आलं की ओठांवर धरायची ती डोक्यावरच्या रुमालाची कड. त्याने मागणी घातली होती, रीतसर, इज्जतला पुढे घालून. अल-हलवागींनी नकार कळवला तो इनायातवहिनीच्या तोंडून, जेवताना, भात वाढता वाढता: "मयतांच्या पानावरचा माणूस जावई म्हणून नको म्हणतात बाबा. अपशकुन. तू मनाला लावून घेऊ नकोस, अजून भात घे." त्याने भात घेतला होता. त्या घराला तो सोयरा म्हणून चालला नाही, तेव्हा त्यानेही त्यांना आईच्या सोयऱ्यांत बसवलं नाही. बोटाखाली ती ओळ पुसणारी कळ दाबली गेली तेव्हा तिचा आवाज झाला होता, आणि त्याला फार बरं वाटलं होतं. मुद्दाम केलं, अबेह. हे वाक्य इतकं सोपं होतं. ते आता ऐकायला माणूस नव्हता, आणि आता कुठे त्याचे डोळे भरून आले, मादाम नर्मीनच्या देखत, चहाच्या पेल्यावर.

"डोळ्यांना त्रास होतो का? उजेड कमी करता येतो त्याचा," त्या घाईने म्हणाल्या.

"नको. हाच बांधून द्या. मोठा," हिलमी म्हणाला. "मला एक फोन करायचा आहे, कामाचा. तेवढं होऊ दे."

प्रत्येक मजकुराखाली तो देणाऱ्याचा नंबर असतो. इथे नंबर होता आणि रबाब असं नाव होतं. इज्जतची मुलगी. त्याने शेवटची पाहिली तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि काकाच्या खिशात हमखास असणाऱ्या तिळाच्या वड्या न विचारता काढून घ्यायची. तिने काय मनात धरून लिहून पाठवलं, दोघे की सगळे, एवढंच त्याला विचारायचं होतं. रोजचाच प्रश्न, हजार वेळा विचारलेला. दोघे, तिसरे हयात आहेत, असं ती म्हणाली की तो म्हणणार होता, रबाब, मी बोलतोय, मी निघतो आत्ता, अडीच तासांत पोचतो. त्याने हे मनात दोनदा म्हणून पाहिलं आणि नंबर लावला.

"मन्सूरा का? पेपरातून बोलतोय, मयतांच्या पानावरून. अल्लाह तुम्हाला धीर देवो."

"अल्लाह तुमचं आयुष्य वाढवो. मी रबाब, मुलगी. काही राहिलं का?"

"मरहूम शब्दाच्या पुढे तीन भावांची नावं आहेत. यातले गेलेले किती आणि हयात किती, तेवढं कळलं तर बरं."

"थांबा हं. शुकरीकाका लढाईत गेले, मी पाहिलेपण नाहीत. फिक्रीकाकाही गेले. तिसरे…" तिने फोन बाजूला धरला. "मम्मा! हिलमीकाका आहेत का गेले?"

मागे बायकांची कुजबुज होती, कपबश्या होत्या. मग तो आवाज आला, थकलेला, खालच्या पट्टीतला, भात वाढणारा. "कोण विचारतंय?"

"पेपरवाले."

"मग त्यांनाच विचार. त्यांच्याच पेपरात होता तो. त्याच पानावर."

"ऐकलंत का?" रबाब फोनवर आली. "ते तुमच्याकडेच होते म्हणे. हिलमी अल-सब्बाग. तुम्हाला ठाऊक असतील."

"हो," हिलमी म्हणाला. "होते."

पलीकडे इनायातवहिनी काहीतरी बोलत होत्या, तुटक, आणि रबाब मम्मा, मम्मा ऐक, असं मध्ये मध्ये म्हणत होती. मग ती अवघडून बोलली. "माफ करा हं, घरातलं आहे सगळं. मम्मा म्हणते, ते गेले असतील तर नाव राहू द्या, पप्पा सांगून गेलेत, मेलेल्यावर राग धरायचा नाही. पण जिवंत असतील तर काढून टाका. जिवंत असून एकोणीस वर्षांत भावाच्या दारात आला नाही, तो भाऊ कसला, असं म्हणते. मला काही… तुम्ही बघा ना जरा, ते आहेत की नाहीत?"

समोर ती ओळ होती. एक नाव काढलं तर ती थोडी आखूड झाली असती एवढंच. इज्जत हा शुकरी आणि फिक्रीचा भाऊ, आणि पुढे लगेच अल-हलवागींचा जावई; कुणालाही काही सुटल्यासारखं वाटलं नसतं. किंवा जसं होतं तसं ठेवायचं, रेघ न देता. पुढे त्या घरात ज्याला जसं वाचायचं त्याने तसं वाचावं, पण तिघांच्या रांगेत, इज्जतच्या पाठीमागे, तो राहिला असता. मी जिवंत आहे असं म्हणून टाकावं, असं त्याला वाटलं. आणि म्हटल्याबरोबर आपण त्या ओळीतून जाऊ, हेही तितकंच दिसलं.

"गेले ते," हिलमी म्हणाला.

"या अल्लाह. कधी?"

"झाले बरेच दिवस."

"मग असू द्या. जसं आहे तसंच असू द्या." तिचा आवाज एकदम लहान मुलीचा झाला. "त्यांच्या खिशात वड्या असायच्या, माहितेय?" आणि मग फोनपासून लांब, "मम्मा, गेलेत ते. गेलेत म्हणतायत."

बायकांचे आवाज थांबले. त्या शांततेत काहीतरी घासल्यासारखा आवाज आला, त्याला वाटलं कुणी खुर्ची सरकवली, पण तो इनायातवहिनींच्या घशातला होता. त्यांनी फोन मुलीच्या हातातून घेतला असावा, कारण पुढचं सगळं अगदी कानाशी ऐकू आलं. "तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही, पण एवढं सांगा मला," त्या रडत म्हणाल्या. "त्याच्याजवळ कोण होतं हो? एकटाच होता तो. आम्हाला का नाही कळवलं कुणी? राग काय, राग असतोच घरात. एक फोन करायचा होतात, आम्ही सगळे आलो असतो, इज्जत तर अनवाणी आला असता."

त्या उत्तराची वाट बघत होत्या. हिलमीने तोंड उघडलं आणि मिटलं, कारण एक शब्द जरी बोलला असता तरी वहिनीने त्याचा आवाज ओळखला असता.